मूठभर कोंड्याला घेतलेलं पोर

तो कागद अजून माझ्याकडे आहे. दवाखान्याच्या फाईलमधल्या पानाची झेरॉक्स. सगळं इंग्लिशमध्ये आहे आणि मी आठवीपर्यंत शिकलेली, मला इंग्लिशची अक्षरं लावता येतात, त्यापुढे काही नाही. पण मधेच दोन ओळी मराठीत आहेत. त्या वाचायला मला कुणी लागत नाही, कारण त्या माझ्याच आहेत. ‘हा माझा नाही. विकत घेतलाय.’ पेशंट जे बोलतो ते त्याच्याच शब्दात लिहायचं असतं म्हणे तपासणीत, हे मला नंतर कळलं. लिहिलंय पण बरोबर, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. म्हणून तर जास्त राग येतो. खोटं लिहिलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

माझं पहिलं मूल आठव्या दिवशी गेलं. मुलगी होती. तिच्याबद्दल इथे काही लिहिणार नाही.

दुसरा हा. हा पोटात होता तेव्हाच आत्ती साताऱ्याकडच्या गावावरून आमच्याकडे नावड्याला राहायला आल्या. आत्ती म्हणजे माझी सासू, आमच्यात सासूला आत्तीच म्हणतात. त्यांची स्वतःची दोन गेलेली, तिसरे आमचे हे. आणि हे जगले ते विकत घेतले म्हणून, असं आत्तींचं पक्कं. ज्या बाईची मुलं राहत नाहीत तिनं आपलं बाळ सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं. दुसऱ्या बाईनं उचलायचं, मला सापडलं म्हणायचं. मग आईनं तिच्याकडून ते मूठभर कोंडा देऊन विकत घ्यायचं. त्या दिवसापासून ते आईचं नाही. जे कोण आपल्या नशिबावर टपून बसलंय त्याला कळायलाच नको की हे हिचं आहे. नावसुद्धा नकोसं ठेवायचं, कपडे दुसऱ्यांचे जुनेपाने, कौतुक कधी करायचं नाही. आणि जावळ काढेपर्यंत आईनं तोंडानं ‘माझं’ म्हणायचं नाही. कुणी विचारलं तर विकत घेतलंय एवढंच सांगायचं. कशासाठी घेतलं ते सांगायचं नाही, सांगितलं की सगळं फुकट.

आता कॉलनीत उकिरडा कुठून आणणार? बाराव्या दिवशी सकाळी आत्तींनी सूप नेऊन बिल्डिंगच्या मागे कचऱ्याचा मोठा डबा आहे त्याच्या बाजूला ठेवलं. आमची घरमालकीण, तिथल्याच गावातली आगरी मावशी, तिला सगळं आधीच समजावून उभं केलेलं. घंटागाडीची वेळ झालेली, मी जिन्यात भिंतीला धरून उभी, मला वाटत होतं गाडी आली तर काय. मावशीनं सूप उचललं आणि चारी बिल्डिंगांना ऐकू जाईल एवढ्यानं बोलली, “यो कनाचा पोर गो? माना गावला, माजा हाय आता.” मला हसू आलं आणि रडू पण आलं. कोंडा गिरणीत मागितला तर गिरणीवाला म्हणाला, तुमी म्हैस पाळली का चौथ्या माळ्यावर. मग मी चपातीचं पीठ चाळलं, चाळणीत राहिला तो कोंडा मुठीत घेतला, मावशीच्या ओंजळीत टाकला आणि पोर घेतलं.

तेव्हापासून मी नियम पाळले, सगळे पाळले. शेजारीण म्हणाली गुटगुटीत झालाय, तर मी म्हणायचे कसला गुटगुटीत, दगड आहे नुसता. मावशीच्या नातवाची फाटकी झबली त्याला घालायचे. नवीन झबली कपाटात, घडीसुद्धा मोडली नाही.

तिसरा महिना लागला आणि माझा दम सुरू झाला. भांडी घासता घासता छातीत काहीतरी घट्ट व्हायचं, श्वास वरच्यावर, हात गार, वाटायचं आता गेले. ह्यांची तळोज्याला केमिकल कंपनीत शिफ्ट. कॉलनीत वास येतोच, त्यामुळे पहिल्यांदा सगळे म्हणाले वास चढला असेल. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनी दम्याचा पंप दिला. पंपानं काही झालं नाही. झोप तर गेलीच होती. बाळ झोपलेलं असायचं आणि मला रडण्याचा आवाज यायचा, उठून बघावं तर शांत झोपलेलं. आणि एक गोष्ट मी तेव्हा कुणालाच सांगितली नाही. गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले की डोळ्यासमोर यायचं की हा माझ्या हातातून खाली पडला. दिसायचंच, अगदी खाली पडलेला. म्हणून मी त्याला घेऊन गॅलरीत जायचं बंद केलं. नंतर गॅलरीचं दारच उघडेना. कपडे आत फॅनखाली, वास मारायचे, आणि आत्ती बडबडायच्या की उन्हाला काय विटाळ झालाय का.

शेवटी आमी मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. मी, आत्ती आणि बाळ. ह्यांना सुट्टी नव्हती. छातीचा फोटो काढला, हृदयाची पट्टी काढली, सगळं चांगलं. खालच्या डॉक्टरनी चिठ्ठी दिली, वर जा, मानसोपचार. आत्तींनी जिन्यात विचारलं म्हंजी कसला डॉक्टर, मी म्हटलं मनाचा, तर म्हणाल्या, “म्हंजी येड्यांचाच की.” आणि बाळाला माझ्याकडून स्वतःकडे घेतलं. बघा, तिथूनच सुरू झालं.

वरच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीण होती, माझ्याच वयाची असेल. मराठीच बोलत होती. तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंच नाही, बघितलं ते माझ्या पायांकडे, मग केसांकडे, मग ब्लाऊजवर दूध आलेलं तिकडे, आणि लिहिलं. मी तोंड उघडायच्या आत तीन ओळी झाल्या. मग बाळाकडे बघितलं. त्याला फाटकं झबलं, बाही एकच, कपाळभर काजळ फासलेलं. ते पण लिहिलं.

मग प्रश्न. आज वार कोणता? मी मंगळवार म्हटलं, बुधवार निघाला. ह्यांची सुट्टी ज्या दिवशी तो आमच्या घरचा रविवार, त्यात माझे वार कायम इकडे तिकडे होतात, पण ते कोण ऐकतंय. कुठे आलाय, कितवा मजला. आंबा, खुर्ची, पेन, हे तीन शब्द लक्षात ठेवा, मी मग विचारेन. शंभरातून सात वजा करत या. त्र्याण्णव म्हटलं, शहाऐंशी म्हटलं आणि मग श्वासच लागेना, मी थांबले, तिनं लिहिलं. एका म्हणीचा अर्थ विचारला, मला सांगता आला नाही, लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तीन शब्द कोणते. आंबा, खुर्ची, पेन, मी धाडकन सांगितलं, शाळेत कधी एवढ्या पटकन हात वर केला नव्हता. तेव्हा तिनं मान पण वर केली नाही. मी वाट बघत होते की आता तरी बरोबर म्हणेल. जे चुकलं त्यालाच तिचा पेन पळत होता.

कानात आवाज येतात का, असं विचारलं. मी म्हटलं येतात, बाळाच्या रडण्याचा. बाळ रडत नसताना? हो. लिहिलं. जीव नकोसा होतो का? मी म्हटलं होतो, दम लागतो तेव्हा वाटतं एकदाचं संपलं तर बरं. लिहिलं.

मग तिनं पेन खाली ठेवून जरा गोड आवाजात विचारलं, बाळ छान आहे ना तुमचं?

मी म्हटलं, कसलं छान, दगड आहे.

तिनं पेन परत उचलला. मग म्हणाली, “हे बाळ तुमचंच आहे ना?”

आता मी काय करायचं होतं? दार उघडं, बाहेर बाकड्यावर माणसं, मांडीवर पोर घेऊन आत्ती बाजूला बसलेल्या आणि माझ्याकडे अशा बघतायत की डोळ्यानंच तोंड शिवतील. मी म्हटलं, हा माझा नाही. विकत घेतलाय.

आणि आत्ती गप्प. एक शब्द नाही. सून काय बोलतेय आणि का बोलतेय हे त्या खोलीत त्यांना एकटीला माहीत होतं.

डॉक्टरणीनं विचारलं कुणाकडून घेतला, मी म्हटलं घरमालकिणीकडून. काय देऊन? कोंडा. तिनं सगळं लिहिलं. मग एकदम हळू आवाजात विचारलं, बाळाला काही करावं असं मनात येतं का. माझ्या डोळ्यासमोर गॅलरी आली. मी काही बोललेच नाही. नाही म्हणायला तोंड उघडलं पण आवाज निघाला नाही. ती माझ्या गप्प बसण्याकडे बघत राहिली आणि ते पण लिहिलं. माणूस गप्प बसतो ते सुद्धा कागदावर लिहितात, हे मला त्या दिवशी कळलं.

मला बाहेर बसवून आत्तींना आत घेतलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी बाळाला छातीशी असं धरलेलं की मी कुणी चोर आहे. डॉक्टरणीनं त्यांना सांगितलेलं, बाळाला हिच्याजवळ एकटं सोडायचं नाही, पुढच्या सोमवारी मोठ्या मॅडम असतील तेव्हा नवऱ्याला घेऊन या, गरज पडली तर ॲडमिट करावं लागेल, गोळ्या चालू करा. आत्तींनी हे मला सांगितलं नाही. घरी जाऊन ह्यांना सांगितलं, माझ्यासमोर, मी नसल्यासारखं.

ते पाच दिवस मी विसरणार नाही. पोर आत्तींच्या कुशीत, आतल्या खोलीत, दाराला कडी. पाजायला आणून द्यायच्या आणि समोर बसून राहायच्या, मी पदर घेतला की तो बाजूला करून बघायच्या. दोन दिवसांनी तेही कमी केलं, पावडरचा डबा आला. माझी छाती दुधानं दगडासारखी झालेली आणि दाराच्या पलीकडे तो रडतोय, आणि मी दारावर थापा मारतेय, आणि मी थापा मारते म्हणून त्या आतून म्हणतायत, बघ बघ, डॉक्टरीण म्हनली तसंच करतीया. मी भांडले तर वेडी, रडले तर वेडी, गप्प बसले तर जास्तच. मी त्यांना म्हटलं, आत्ती, तुमीच सांगितलेलं ना असं म्हणायला? तर म्हणाल्या, ते खरं गं, पर बाकीचं काय, आवाज येत्यात म्हनलीस ते काय म्या सांगितलं हुतं? आणि त्यांनी ठरवून टाकलं. सोमवारी दुपारच्या एसटीनं बाळाला घेऊन गावाला. मी बरी झाले की मग बघू.

मग बघू म्हणजे कधी? चार महिन्यांचं पोर.

ह्यांना मी विचारलं तर मोबाईलमधून मान न काढता म्हणाले, डॉक्टरनी लिहिलंय ना, मी काय करू. मी आयुष्यात ह्यांच्या हातातला मोबाईल कधी घेतला नव्हता. त्या दिवशी घेतला आणि पिठाच्या डब्यात टाकला. म्हटलं, सोमवारी एसटीच्या आधी आपण सगळे दवाखान्यात जायचं. मोठ्या मॅडम माझ्या तोंडावर म्हणाल्या की पोर हिच्यापासून लांब ठेवा, तर मी स्वतः आत्तींना एसटीत बसवून देईन. हे मोबाईल पुसत बसले, पण हो म्हणाले.

सोमवारी आमी पाचजण त्या खोलीत. मोठ्या मॅडम, ती तरुण डॉक्टरीण, हे, मी, आणि आत्तींच्या मांडीवर पोर. बाहेर आत्तींची पिशवी तयार, त्यात त्याची दुपटी, पावडरचा डबा. मॅडमनी तो कागद वाचला, सावकाश, बोट फिरवत. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “विकत घेतलाय म्हणालीस. का घेतलास?”

बास, एवढंच. एवढा एक शब्द त्या पहिल्या दिवशी कुणी विचारला नव्हता. शंभरातून सात वजा करायला लावले पण का म्हणून नाही विचारलं. मला मॅडमचा राग आला, खरंच सांगते, आभाराच्या आधी रागच आला, कारण आता मला उत्तर द्यायचं होतं. मी आत्तींकडे बघितलं. त्या मान हलवत होत्या, नको, नको, नको. आणि मला माहीत होतं त्या कशाला भितात, कारण मी पण त्यालाच भीत होते. आठ दिवसांची ती माझ्या डोळ्यासमोर होती. सांगितलं तर कदाचित हा जाईल. नाही सांगितलं तर हा एसटीनं आत्ताच जातोय.

दम लागला. मॅडम थांबल्या. पाणी दिलं नाही, घाई केली नाही, नुसत्या थांबल्या.

मी म्हटलं, “माझा आहे. माझ्या पोटचा आहे. पहिली गेली म्हणून कोंड्यावर घेतलाय, हा जगावा म्हणून.”

आत्तींनी दोन्ही हातांनी पोराचे कान झाकले. एवढे घट्ट की तो दचकून रडायला लागला. आणि तेव्हा आमचे हे, जे पाच दिवस भिंत होऊन बसलेले, त्यांनी खाली बघत म्हटलं, मॅडम, मला पण असंच घेतलेलं. मॅडमनी विचारलं कशावर. हे म्हणाले, एका शेणीवर, वाळल्या गोवरीवर. त्या तरुण डॉक्टरणीला हसू आलं, तिनं तोंडावर हात ठेवला. मला हसू नाही आलं. पाच दिवस कुठे होती ही शेणी?

मग मी गॅलरीचं पण सांगितलं. एकदा तोंड उघडलं तर सगळंच सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या की असं डोळ्यासमोर येणं आणि तसं करावंसं वाटणं ह्यात फरक आहे, जिला भीती वाटते म्हणून ती दार बंद करते ती बाळाला जपतेय. खूप आयांना असं येतं, बाळंतपणानंतरचा आजार आहे, गोळ्या घ्यायच्या, दूध पाजलं तरी चालतील अशा देते. म्हणजे आजार होताच. तो मी नाकारत नाही. पण जो होता तो लिहिला असता तर मला एवढा राग आला नसता.

मी म्हटलं तो कागद फाडा. मॅडम म्हणाल्या फाडता येत नाही, खोडता पण येत नाही, त्याच्या खाली आजची तारीख घालून आजचं लिहिता येतं. मग मी म्हटलं लिहा, आणि मला वाचून दाखवा. मोठ्यानं, मराठीत. मॅडमनी त्या तरुण डॉक्टरणीला लिहायला सांगितलं. तिनं लिहिलं आणि वाचलं, की बाळ स्वतःचं असल्याची पूर्ण जाणीव आहे, विकत घेणं ही घरची रीत आहे, बाळाला आईजवळच ठेवावं, आईचंच दूध द्यावं, घरच्यांनी आईला झोपायला वेळ द्यावा. वाचताना तिचा आवाज जरा खाली गेला. मग कागद देता देता ती म्हणाली, “तुम्ही त्या दिवशी सांगितलं असतं तर.”

मी म्हटलं, “तुमी विचारलं असतं तर.”

झेरॉक्स मी तिच्याच हातानं काढून घेतली, जुनं-नवं दोन्ही असलेल्या त्या पानाची.

खाली आलो. हे पिशवी घेऊन पुढे, आत्ती पोराला घेऊन मधे, मी मागे. बसस्टॉपच्या बाकड्यावर बसलो तर पोर रडायला लागलं, भुकेचं. आत्तींनी पिशवीकडे हात नेला, पावडरच्या डब्याकडे, आणि तसाच मागे घेतला. मला पहिल्यांदा दिसलं की ही बाई माझ्यापेक्षा जास्त घाबरलीय, तिची दोन गेलीत. तरी माझा राग गेला नाही, खोटं कशाला बोलू.

“बोललीस नव्हं मोठ्यानं, आई हाय म्हनून,” त्या म्हणाल्या, “मग घे. पाज.”

आणि पोर माझ्या मांडीवर टाकलं. ठेवलं नाही, टाकलं. आमची घराकडची बस आली आणि गेली, ह्यांनी हात पण केला नाही. मी पदराखाली घेतलं, दोन-तीन दिवसांचं दूध तुंबलेलं, दुखत होतं एवढं की डोळ्यातून पाणी येत होतं, आणि तो माझ्याकडे बघत असा ओढत होता की जसा काय तो पण रागावलाय. आत्ती बाजूला बसून राहिल्या. पदर बाजूला करून बघितलं नाही. पण त्यांचा हात होता त्याच्या पायावर, आणि मी तो काढला नाही.